राय वगळले तर सौमित्र चटर्जींचं काय उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी नाटकात काम करतो. सौमित्र चटर्जींचे 'अपूर संसार' आणि 'चारुलता' पाहिले, फार आवडले. पण माझा मित्र म्हणतो, ही सगळी सत्यजित रायांची करामत. राय वगळले तर एक देखणा बंगाली नट, एवढंच उरतं. हे खरं का? आणि नट म्हणून त्यांच्याकडून काय शिकावं, सुरुवात कुठून करावी?"

तुमच्या मित्राचं मत नवं नाही. बंगालबाहेर ते जवळजवळ सगळ्यांचंच असतं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. सौमित्रबाबूंनी दोनशेच्या वर चित्रपट केले, त्यातले रायांचे 14. पण आपल्याकडे फिल्म सोसायटीत, महोत्सवात किंवा उपशीर्षकांसह जे पोचलं ते बहुतेक हेच 14. पॉलिन केल या अमेरिकन समीक्षिकेनं तर त्यांना रायांची एकट्याची नाटक कंपनीच म्हटलं. कौतुक म्हणून म्हटलं, पण त्यातून समज मात्र असा पसरला की हा माणूस रायांच्या हातात होता तेवढाच नट होता.

मी वर्षानुवर्षं नाटकातल्या मुलांना अभिनय शिकवतो, स्वतःही रंगमंचावर उभा राहतो. माझं उत्तर मित्राच्या नेमकं उलट आहे. रायांना हा नट मिळाला तेव्हा तो बराचसा घडलेला होता. घडवला होता नाटकानं, कवितेनं आणि थोडाफार रेडिओनं. रायांनी त्याच्याकडून सर्वांत उत्तम काम करून घेतलं, यात वाद नाही. पण मूळ दुसरीकडे आहे, आणि नाटकवाल्यांनी ते मूळ बघायला हवं.

जन्म 19 जानेवारी 1935, कोलकात्यात. लहानपण नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरात गेलं. नाटककार द्विजेंद्रलाल रायांचं हे गाव, म्हणजे नाटक हवेतच. आजोबा तिथल्या हौशी नाटकमंडळींचे अध्यक्ष. वडील वकिलीतले, पण त्यांनाही नाटकाचा नाद. पुढे हावडा, मग कोलकात्याचं सिटी कॉलेज. बंगाली साहित्य घेऊन पदवी आणि त्यानंतर कलकत्ता विद्यापीठात एम.ए.चा अभ्यास. साहित्याचा हा अभ्यास नुसता परीक्षेपुरता नव्हता. 1961च्या सुमारास निर्माल्य आचार्यांबरोबर त्यांनी 'एक्षण' नावाचं वाङ्मयीन नियतकालिक सुरू केलं, ज्याची मुखपृष्ठं राय करायचे. ऐन तिशीतला, पोस्टरवर झळकणारा नायक संध्याकाळी प्रुफं तपासतोय, हे आपल्याकडच्या एखाद्या हिरोबाबत कल्पून बघा! कविताही आयुष्यभर लिहिल्या. पहिला संग्रह 1975 साली आला.

कॉलेजात असताना त्यांनी शिशिरकुमार भादुडींना रंगमंचावर पाहिलं. भादुडी म्हणजे इंग्रजीची प्राध्यापकी सोडून नाटकात आलेले, बंगाली रंगभूमीला आधुनिक वळण देणारे नटश्रेष्ठ. पण सौमित्रबाबू त्यांच्याजवळ पोचले तेव्हा म्हाताऱ्याचे दिवस फिरले होते. त्यांचं 'श्रीरंगम' थिएटर 1956 साली हातचं गेलं. तरीही, किंवा त्यामुळेच, त्यांच्याकडे बोलायला वेळ होता. हा पोरगा त्यांच्या घरी जाऊन बसायचा, नाटकं वाचायचा, ऐकायचा. 'अपूर संसार' प्रदर्शित झाला 1 मे 1959 रोजी आणि भादुडी गेले त्याच वर्षी 30 जूनला. तुम्ही ज्याला रायांचा नट म्हणता, त्याच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी त्याचा गुरू दुसराच होता, आणि तो शेवटच्या दिवसांत होता.

पोटासाठी त्यांनी आकाशवाणीवर निवेदकाची नोकरी धरली. हा भाग चरित्रलेखक एका ओळीत उरकतात, मला मात्र तो महत्त्वाचा वाटतो. नाटकातला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा असतो; माइकपुढे बसलं की तोच आवाज आत ओढून घ्यावा लागतो, नाहीतर ऐकणारा रेडिओ बंद करतो. शब्दाचा शेवट गिळायचा नाही, पण ठासायचाही नाही. 'अपूर संसार'मध्ये अपू मित्राबरोबर, पुलूबरोबर, रात्री रेल्वेरुळांच्या कडेनं चालत आपल्या न लिहून झालेल्या कादंबरीबद्दल बोलतो. भरल्या पोटी, उत्साहात, जवळजवळ कविता म्हणावी तसं. पण एकही वाक्य 'म्हटलेलं' वाटत नाही. वीस-बावीस वर्षांच्या नाटकवेड्या पोराला हे आपोआप जमत नाही हो. मी रोज बघतो ना.

चित्रपटात मात्र आधी नकारच मिळाले. 1957च्या 'नीलाचले महाप्रभु'साठी चाचणी दिली, घेतलं दुसऱ्याला. त्याआधी राय 'अपराजितो'साठी, म्हणजे अपूच्या गोष्टीतल्या आधीच्या चित्रपटासाठी, अपू शोधत होते. हा मुलगा त्यांना आवडला, पण पौगंडावस्थेतल्या अपूसाठी वयानं मोठा आणि उंच. रायांनी तो मनात ठेवला. पुढे 'जलसाघर'च्या सेटवर शूटिंग बघायला गेला असताना त्यांनी त्याची ओळख त्या चित्रपटाचे नायक छबी विश्वास यांच्याशी करून दिली: हा सौमित्र, माझ्या पुढच्या चित्रपटातला अपू. तोवर खुद्द सौमित्रला हे कुणी सांगितलेलं नव्हतं! 9 ऑगस्ट 1958 रोजी पहिला शॉट झाला, आणि पहिल्याच टेकमध्ये पास.

आता त्या चित्रपटाकडे जरा जवळून बघू. रायांनी त्यांना पटकथा दिली, शिवाय अपूच्या स्वभावाविषयी दोन पानांचं टिपण दिलं. सौमित्रबाबूंनी त्यात आपली भर घातली: पडद्यावर नसताना अपू काय करत असेल, हे ते लिहून काढायचे. आज अभिनयाच्या कुठल्याही कार्यशाळेत असला गृहपाठ देतात. 1958 साली टॉलीगंजच्या बंगाली चित्रसृष्टीत तो स्वतःहून करणारा नवखा मुलगा दुर्मीळच म्हणायचा.

सुरुवातीचा एक प्रसंग घ्या. घरमालक थकलेलं भाडं मागायला अपूच्या खोलीत आलाय. अपू दाढी करतोय. घाबरलेला नाही, उर्मटही नाही. पैसे नाहीत हे त्याला इतकं सवयीचं झालंय की त्याला त्याची गंमत वाटते. मालक जाताना दिवा बंद करतो. तो गेल्यावर अपू दिवा लावतो, वर बाहेरचाही लावतो. एवढंच. एक शब्द नाही. दिग्दर्शकानं सुचवलेली कृती आहे, कबूल. पण ती करताना बटणाकडे जाणाऱ्या हाताचा वेग बघा. राग दाखवायचा मोह झाला असता तर हात जोरात गेला असता. हा सावकाश जातो, कारण अपू रागावलेला नाही, तो गरिबीतही चैन करतोय.

दुसरा प्रसंग अपर्णाच्या पत्राचा. बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या बायकोचं पत्र अपू पुरवून पुरवून वाचतो. थोडं कचेरीत, थोडं ट्रामच्या गर्दीत, उरलेलं घराकडे येताना रुळांच्या कडेनं. आणि घराशी मेहुणा उभा असतो, अपर्णा गेल्याची बातमी घेऊन. अपू काय करतो? त्याच्या थोबाडीत मारतो. रडणं नाही, किंचाळणं नाही. मी हा प्रसंग मुलांना आवाज बंद करून दाखवतो आणि विचारतो की वाचण्याच्या प्रत्येक ठिकाणी खांदे कुठे आहेत ते सांगा. कचेरीत खांदे पुढे, पत्र झाकणारे. ट्राममध्ये आक्रसलेले. रुळांजवळ मोकळे. चेहऱ्यावरचं हसू सगळीकडे साधारण तेच, बदलतं ते शरीर. हे नाटकवाल्याचं शरीर आहे. कॅमेऱ्यासाठी फक्त चेहरा वापरायचा असतो, ही समजूत नवख्या नटांची असते. त्यांची पहिल्या दिवसापासून नव्हती.

'चारुलता' 1964चा. याबद्दल लोक झोपाळ्याबद्दल बोलतात, दुर्बिणीबद्दल बोलतात, किशोरकुमारांनी गायलेल्या गाण्याबद्दल बोलतात. मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली हस्ताक्षराची. कथा घडते 1879-80च्या सुमाराला. रायांचं म्हणणं असं की आजच्या बंगाली हस्ताक्षरावर रवींद्रनाथांच्या वळणाची छाप आहे, आणि अमल, म्हणजे सौमित्रबाबूंचं पात्र, तर रवींद्रनाथांच्या प्रभावाच्या आधीचा लेखक. तेव्हा सौमित्रबाबूंनी जुन्या वळणाचं अक्षर गिरवलं, महिनोन्‌महिने. त्यांचं स्वतःचं अक्षर त्यानंतर पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणतात. पडद्यावर अमल लिहिताना किती वेळ दिसतो? फार नाही. पण बोरू कसा धरायचा हे ज्याच्या बोटांना कळलंय, त्याची बसण्याची ढब बदलते, मान बदलते, वहीकडे बघण्याची नजर बदलते. पोशाख चढवून 'जुना काळ' करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुसरी गोष्ट शेवटाकडची. भूपतीला, म्हणजे चारूच्या नवऱ्याला, त्याच्याच मेहुण्यानं पैशात फसवलंय. कोलमडलेला भूपती अमलपाशी मन मोकळं करतो: पैसा गेल्याचं दुःख नाही, विश्वास गेल्याचं आहे. शैलेन मुखर्जींचा भूपती बोलत राहतो आणि सौमित्रबाबू ऐकतात. अमलच्या मनात त्या क्षणी कळतं की आपणही याच माणसाचा, वेगळ्या वाटेनं, विश्वासघात करण्याच्या टोकावर उभे आहोत. वाक्य एकही मिळालेलं नाही. कबुली नाही, डोळ्यात पाणी नाही. सुरुवातीला भूपतीकडे असलेलं लक्ष हळूहळू आत वळतं, आणि भूपतीला ते कळत नाही. त्याच रात्री अमल चिठ्ठी ठेवून घर सोडतो. समोरचा बोलत असताना आपल्या वाक्याची वाट बघणारे नट आपल्या रंगभूमीवर पोत्यानं आहेत. त्यांना मी हा प्रसंग पाठ करायला लावतो. पाठ करायला शब्दच नाहीत, हीच शिक्षा.

रायांच्या बाकीच्या चित्रपटांचं सगळंच सांगत बसत नाही. 'तीन कन्या'मधल्या 'समाप्ती'त ते शहरात शिकून आलेला, बुटांना चकाकी असलेला अमूल्य आहेत. होडीतून उतरतात ते थेट गावच्या चिखलात घसरतात आणि काठावरची मृण्मयी खदखदून हसते. इतक्या प्रतिष्ठेनं पडणारा नट क्वचित सापडेल. 'अभिजान'मध्ये दाढीवाला, रागीट राजपूत टॅक्सीचालक, समोर वहिदा रेहमान. 'अशनी संकेत'मध्ये 1943च्या दुष्काळातला गावभट गंगाचरण, थोडा लबाड, थोडा भेकड, आणि भुकेनं हळूहळू माणसात येणारा. या चित्रपटाला 1973 साली बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. 'शाखा प्रशाखा'त मानसिक तोल गेलेला, बाखचं संगीत ऐकत बसणारा मुलगा, ज्याच्या वाट्याला मोजकेच शब्द आहेत. 'घरे बाइरे'मधला संदीप मला तितका पटत नाही. वक्तृत्व आहे, पण बिमला ज्याच्यामागे खेचली जाईल ती धग कमी पडते. आणि हो, रायांनी सगळंच दिलं असंही नाही. 'गुपी गाइन बाघा बाइन'मधला गुपी सौमित्रबाबूंना हवा होता, राय नको म्हणाले. नायकाच्या भूमिकेत गोठलेल्या स्टारची कथा, 'नायक', लिहिली तेव्हा राय गेले उत्तमकुमारांकडे. एकट्याची नाटक कंपनी वगैरे म्हणताना हे नकारही मोजावेत.

आता तुमच्या मित्रासाठी. राय वगळू.

1961चा तपन सिन्हांचा 'झिंदेर बंदी' घ्या. राजाच्या जागी तोतया उभा करण्याची गोष्ट. मूळ इंग्रजी कादंबरीवरून शरदिंदू बंद्योपाध्यायांनी बंगालीत रचलेली. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू मुंबईच्या चित्रसृष्टीत आले आणि नंतर पुण्यात स्थायिक झाले, हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. चित्रपटात दुहेरी नायक उत्तमकुमार, आणि खलनायक मयूरवाहन सौमित्र चटर्जी. दोन वर्षांपूर्वी ज्यानं अपू केला, बंगाली घराघरातला गुणी मुलगा झाला, तो घोड्यावर बसून, तलवार घेऊन, देखणं आणि विषारी हसत आला. व्यवहार बघितला तर वेडेपणा. प्रतिमा जपणाऱ्यानं हे केलं नसतं. पण त्या हसण्यात त्यांना किती मजा आली असेल ते फ्रेमफ्रेममधून कळतं.

1965चा मृणाल सेनांचा 'आकाश कुसुम': कनिष्ठ मध्यमवर्गातला अजय श्रीमंत व्यावसायिक असल्याची थाप मारून एका सधन मुलीला भुलवतो. या चित्रपटावरून 'द स्टेट्समन'च्या पत्रव्यवहारात राय, मृणालदा आणि लेखक आशिष बर्मन यांच्यात जुंपली, ती प्रसिद्धच आहे. पण त्या भांडणाच्या धुरळ्यात सौमित्रबाबूंचं काम झाकलं गेलं. अजय खोटारडा आहे, तरी त्याचा राग येत नाही. कारण प्रत्येक थापेआधी क्षणभर तो स्वतःच तिच्यावर विश्वास ठेवतो. तो क्षण नटाचा आहे.

1969चा 'तीन भुबनेर पारे' बघा, गल्लीतला टपोरी, नाचणारा सौमित्र. 1975चा तरुण मजुमदारांचा 'संसार सीमांते' बघा. त्यात ते वेश्यावस्तीत आसरा शोधणारा चोर आहेत, समोर संध्या राय. अपूची कुलीन मान, लांब बोटं, सगळं कुठं गेलं कळत नाही. अंगात सतत पळायची तयारी. माझ्या मते रायांबाहेरचं त्यांचं सर्वांत मोठं काम हे. आणि 1984चा 'कोनी', मोती नंदींच्या कादंबरीवरचा. झोपडपट्टीतल्या मुलीला पोहायला शिकवणारा खिद्दा. तलावाच्या काठावरून 'फाइट कोनी, फाइट' म्हणून घसा फोडणारा हा प्रशिक्षक बंगालमध्ये म्हणीसारखा झालाय. क्रिकेटच्या सामन्यात, परीक्षेत, दवाखान्यातही लोक हे वाक्य म्हणतात. तसंच तपन सिन्हांच्या 'आतंक'चं. भर पावसात खून बघितलेल्या मास्तरांना गुंड सांगतात: मास्टरमोशाय, तुम्ही मात्र काहीही बघितलेलं नाही. या वाक्यानंतरचा सौमित्रबाबूंचा चेहरा म्हणजे सबंध मध्यमवर्ग आहे. भीती आहेच, पण भीतीपेक्षा जास्त लाज.

यातला एकही चित्रपट रायांचा नाही.

मित्राला एक गोष्ट मात्र द्यायला हवी. त्यांनी वाईट चित्रपटही ढिगानं केले, विशेषतः ऐंशी-नव्वदच्या दशकांत, जेव्हा बंगाली चित्रपटाचा धंदाच खालावला होता. अशा कामात त्यांच्या काही सवयी उघड्या पडतात. मान एका बाजूला कलते, वाक्याच्या मध्येच एक दमदार विराम येतो, हाताची बोटं हवेत काहीतरी मांडू लागतात. लेखनात दम नसला की नट आपल्या शिलकीतून खर्च करतो, तसं ते. घर चालवायला ते काम करत होते आणि हे त्यांनी लपवलं नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटाकडे मात्र ते वळले नाहीत. कोलकाता सोडायचं नव्हतं, भाषा सोडायची नव्हती, आणि नाटक तर नाहीच.

कारण नाटक चालूच होतं. इथे आपल्या लोकांना एक गोष्ट समजावून सांगावी लागते. कोलकात्यात तेव्हा दोन रंगभूमी होत्या: शंभू मित्रांच्या 'बहुरूपी'सारख्या संस्थांचं 'ग्रुप थिएटर', म्हणजे साधारण आपली प्रायोगिक, आणि हातिबागान भागातली, ठरलेल्या वारी खेळ लावणारी तिकिटविक्रीवरची थिएटरं. सौमित्रबाबूंसारख्या वाचणाऱ्या, डाव्या विचारांच्या माणसानं प्रायोगिककडे जावं असं कुणालाही वाटेल. ते गेले दुसरीकडे. 1978 साली त्यांनी 'नाम जीवन' उभं केलं ते 'विश्वरूपा'त. आणि 'विश्वरूपा' म्हणजे तीच वास्तू, जी आधी शिशिर भादुडींचं 'श्रीरंगम' होती. मग 'राजकुमार', 'नीलकंठ', ड्युरेनमाटच्या नाटकावरून 'फेरा', आणि दोन पात्रांचं रहस्यनाट्य 'टिकटिकी', ज्यात समोर कौशिक सेन. रूपांतर स्वतःचं, दिग्दर्शन स्वतःचं, प्रमुख भूमिका स्वतःची. तिकीट काढून आलेल्या सामान्य प्रेक्षकाला चांगलं नाटक दाखवायचं, हा हट्ट. आपल्याकडे व्यावसायिक की प्रायोगिक हा वाद घालणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासावं असं मला फार वाटतं.

2010 साली, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी मिनर्व्हा रेपर्टरीसाठी सुमन मुखोपाध्यायांच्या दिग्दर्शनात 'राजा लियर' केला. मराठी माणसाला लियर म्हटलं की कुसुमाग्रजांचा गणपतराव बेलवलकर आणि डॉ. लागूच आठवणार. तिथे आपण भावनेच्या लाटेवर जातो. या वयाच्या नटाला लियर करताना मुख्य अडचण श्वासाची असते: वादळाच्या प्रसंगात आवाज चढवायचा, पण नाटक तिथे संपत नाही, मुलीचं प्रेत अजून यायचंय. किती खर्चायचं, किती राखायचं, हा हिशेब तालमीत बसवावा लागतो. साठ वर्षं कवितावाचनाची बैठक असलेल्या माणसालाच तो पेलतो.

उत्तमकुमारांशी तुलना टाळता येत नाही. बंगालमध्ये उत्तम की सौमित्र हा वाद मोहन बागान की ईस्ट बंगालइतकाच जुना आहे. उत्तमकुमार 'महानायक', त्यांच्याकडे जे होतं, तो पडद्यावर आल्याबरोबर होणारा उजेड, ते सौमित्रबाबूंकडे नव्हतं, आणि ते शिकताही येत नाही. 1968च्या सुमाराला कलावंतांच्या संघटनेत फूट पडली तेव्हा दोघं दोन बाजूंना होते: उत्तमकुमारांनी नवी 'शिल्पी संसद' काढली, सौमित्रबाबू जुन्या 'अभिनेतृ संघा'त राहिले. तरी एकत्र काम थांबलं नाही. 1979च्या 'देवदास'मध्ये देवदास सौमित्र आणि चुनीलाल उत्तमकुमार. पुढच्याच वर्षी, 24 जुलैला, उत्तमकुमार गेले.

पुरस्कारांचा भाग लवकर उरकतो. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो 'पदक्षेप'साठी, 2006 सालच्या चित्रपटांतून; म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर. अपू, अमल, गंगाचरण, खिद्दा, कशालाच नाही. त्याआधी 'देखा'साठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार जाहीर झाला होता, तो त्यांनी नाकारला. सत्तरच्या दशकात पद्मश्रीही नाकारली होती. 2004ला पद्मभूषण, 2011चा दादासाहेब फाळके पुरस्कार हे स्वीकारले. फ्रान्सनं लेजियन ऑफ ऑनर दिला. 15 नोव्हेंबर 2020 रोजी कोलकात्यात गेले. कोविडनं ऑक्टोबरमध्ये रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, त्यानंतर बाहेर आले नाहीत. 85 वर्षांचे होते आणि काम सुरूच होतं.

शिकायचं काय, याचं उत्तर वर येऊन गेलंय, पण एक जोडतो. त्यांच्यासारखं काम करायचं म्हणून नाटकातली पोरं आवाज खर्जात नेतात आणि मंद हसू लागतात. ती नक्कल आहे. त्याऐवजी आपल्या भाषेतल्या कविता मोठ्यानं वाचा, रोज. मर्ढेकर वाचा, बहिणाबाई वाचा, ज्ञानेश्वरीची पानं वाचा. सौमित्रबाबूंच्या गद्य संवादातही वाक्य कुठे वळतं ते त्यांना आधी माहीत असतं, आणि ती जाण रवींद्रनाथ आणि जीवनानंद दास वर्षानुवर्षं वाचल्यातून आली आहे. बंगाली येत नसली तरी त्यांचं कवितावाचन ऐका. शब्द सोडा, श्वास कुठे घेतात तेवढं बघा.

आता सुरुवातीचं. तुम्ही दोन पाहिलेत, तर पुढचा रायांचा बघू नका. आधी सुजॉय घोषचा 'अहल्या' बघा, 2015चा, यूट्यूबवर आहे, 14 मिनिटांचा. त्यात आपली राधिका आपटे आहे आणि ऐंशी वर्षांचे सौमित्रबाबू एक म्हातारा चित्रकार-शिल्पकार आहेत, इतक्या प्रेमळ अगत्यानं बोलणारा की संशय यायला उशीर होतो. मग 'आकाश कुसुम', मग 'झिंदेर बंदी', मग 'संसार सीमांते'. त्यानंतर 'कोनी' आणि 'आतंक' एकाच आठवड्यात. उतारवयातला 'मयूराक्षी' घ्या, 2017चा, स्मृती विसकटत चाललेला बाप. मुलाच्या भूमिकेत प्रोसेनजित. त्यात विसरणं दाखवण्याऐवजी ते आठवण्याचा प्रयत्न दाखवतात, ते जपून बघा. फेलूदाचे, म्हणजे रायांनीच निर्माण केलेल्या गुप्तहेराचे दोन्ही, 'सोनार केल्ला' आणि 'जॉय बाबा फेलुनाथ', सुट्टीच्या दिवशी घरच्यांसोबत बघायला राखून ठेवा; दुसऱ्यात उत्पल दत्तांच्या मगनलाल मेघराजसमोर फेलूदा बसलेला असतो आणि त्याचा लेखक-मित्र जटायूवर सुऱ्या फेकल्या जातात, तेव्हा सुऱ्यांकडे न बघता फेलूदाच्या जबड्याकडे बघा. फ्रेंच दिग्दर्शिका कॅथरीन बर्ज यांनी त्यांच्यावर केलेला 'गाछ' हा माहितीपट हाती लागला तर सोडू नका. आणि या सगळ्यानंतर 'अपूर संसार' पुन्हा लावा, मित्राला शेजारी बसवून.